खांबाची बोली

गावात कोणी काही विकायला काढलं की बोलावणं एकालाच जायचं. गाय असो, नांगर असो, नाहीतर मेलेल्या सासऱ्याची खाट असो, लिलाव पुकारावा तो त्यानेच. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. लोक त्याला गलका म्हणत. दोन माणसं शेजारी शेजारी गप्प बसलेली दिसली तरी याला राहवत नसे, हा मध्ये जाऊन बोलायला लागे.

लाकडी खोक्यावर उभा राहिला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुटे. लंगडा घोडा 'सावकाश स्वभावाचा' होई, भाकड गाय 'सध्या विश्रांती घेत' असे. एक आंधळी मेंढी त्याने 'लाजाळू' म्हणून खपवली होती. ती लाजत नाही हे घेणाऱ्याला आठ दिवसांनी कळलं, ती पाण्याच्या टाकीत पडली तेव्हा.

पण त्याची खरी करामत वेगळीच होती. बोली थंडावली की तो गर्दीच्या डोक्यावरून पार मागे बघायचा, बोट रोखायचा आणि ओरडायचा, "मागून सहा हजार!" मागे कोणी नसे. मागे खांब असे. पुढचं गिऱ्हाईक घाबरून साडेसहा म्हणे आणि हातोडा पडे. तीस वर्षं हे गुपित आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, अशी या शहाण्याची समजूत होती. ठाऊक सगळ्यांनाच होतं. पण आपला माल विकायचा त्या दिवशी खांब प्रत्येकालाच हवा असतो, म्हणून सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसत.

मग त्याचा थोरला भाऊ गेला. वहिनी मुलीकडे राहायला जाणार, शेत आणि गोठा निकालात निघणार असं ठरलं. तिच्या तीन मुलांची एकमेकांवर इतकी माया, की साधी बादली कोणी कोणाला सोडायला तयार नव्हतं. म्हणून सगळंच लिलावात काढायचं, कोणाला काही हवं असेल तर त्याने बोली लावायची, मग ती आई का असेना.

आईला एकच गोष्ट हवी होती. तांबडी गाय, एक शिंग मोडलेली. मुलीच्या घरामागे एका गाईपुरती जागा होती.

अशा वेळी गावाची एक रीत होती. घरच्या बाईला हवं असलेलं जनावर पुढे आलं की तिने एकच बोली लावायची, बाकीच्यांनी आपापल्या चपला न्याहाळत उभं राहायचं आणि पुकारणाऱ्याने लगेच हातोडा मारायचा. तरी वहिनी आदल्या दिवशी येऊन सांगून गेली.

"भावजी, मी हजार म्हणेन. पदरी चारच हजार आहेत, त्यातच गाईच्या छपराचे पत्रे घ्यायचेत."

"वहिनी, तुम्ही अगदी निर्धास्त या," गलका म्हणाला. "तांबडी तुमचीच."

आणि तो मनापासून बोलत होता, हे इथे सांगितलं पाहिजे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याचं तोंड त्याला विचारून उघडत नसे.

लिलावाच्या दिवशी गोठ्यासमोर ऐंशीएक माणसं जमली. गलक्याची बायको टेबलाशी वही घेऊन बसली. नांगर गेला, पंप गेला, गंजलेली सायकल तर नव्याच्या भावात गेली. गोठ्याचा मागचा खांब त्या दिवशी फार जोरात होता. थोरला पुतण्या काकाकडे कौतुकाने बघत होता.

मग तांबडी आली.

"हजार," वहिनी म्हणाली.

ऐंशी माणसांनी चपलांकडे बघितलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. गलक्याने हातोडा उचलला. बस, खाली आणायचा, एवढंच काम होतं. पण ती शांतता त्याच्या अंगावर आली, आणि तीस वर्षांत पहिल्या बोलीला त्याने सहसा साधी टोपलीही सोडलेली नव्हती.

"मागून दीड हजार!"

वहिनीने वळून मागे बघितलं. खांबाला एक जुनं दावं लटकत होतं. तिने खांबाकडे बघितलं, मग दिराकडे.

"दोन," ती म्हणाली.

आता तरी मारायचा! पण तोंड उताराला लागलं होतं. अडीच. वहिनी तीन. साडेतीन. वहिनी चार.

"मागून साडेचार!"

वहिनीने पाकीट उघडून बघितलं आणि मिटलं. "नाही," ती म्हणाली. "संपले."

गलक्याला घाम फुटला. "वहिनी, पाच म्हणा ना," तो खोक्यावरून वाकून कुजबुजला, पण त्याचं कुजबुजणंही पार रस्त्यापर्यंत ऐकू जात असे. वहिनीने पाकीट कमरेला खोचलं. 'चुकलं, मागे कोणी नाही' असं म्हणायला त्याला फक्त चार शब्द लागले असते. पण मग तीस वर्षांच्या सगळ्याच बोल्या उघड्या पडल्या असत्या. त्याने हातोडा मारला.

बायकोने वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "कोणाच्या नावावर लिहू?"

"खांबाच्या!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. "तीस वर्षांत पहिल्यांदाच काही घेतलंय बिचाऱ्याने."

लोक पोट धरधरून हसले. आपलं गुपित गावभर होतं हे गलक्याला तेव्हा कळलं.

"माझ्या लिही," तो म्हणाला. खोक्यावरून उतरून तो वहिनीकडे गेला. "न्या तुम्ही तिला. माझ्याकडून."

"हजाराला मिळत होती, तेव्हा द्यायची होती, भावजी."

तिने तांबडीचं दावं हातात घेतलं, गर्दीतून वाट काढत मागे गेली आणि गाय खांबाला बांधली. मग खांबालाच सांगितलं, "सकाळी आधी पाणी दाखवायचं, मग धार काढायची. मोडक्या शिंगाच्या बाजूने जायचं नाही, बुजते." तांबडीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून ती फाटकाकडे चालू लागली.

आता कोणी हसत नव्हतं. गलक्याला रडू येत होतं. वहिनी, माझं चुकलं, असं म्हणायला तो धावत खोक्यावर चढला, म्हणजे तिला ऐकू जाईल. सगळी गर्दी गप्प होऊन त्याच्याकडे बघत होती. त्याने छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि ओरडला,

"पुढचा माल! दुधाचे चार कॅन!"