पाण्याला नको म्हणताना

मी आदिवासी पाड्यावरची. लहानपणी आई भातलावणीच्या मजुरीला जायची, तिथले मालक तिला पायरीखाली उभं करून वरून ओंजळीत पाणी ओतत. तांब्या तिच्या हाताला लागता कामा नये. मी ते एकदाच पाहिलं, आणि मी पाहतेय हे आईनं पाहिलं. त्या दिवसापासून घरात नियम झाला. "आपलं पानी आपल्या संगं. कुनाच्या दारात मागायचं न्हाय, दिलं तरी घ्यायचं न्हाय."

मी हा नियम इमानेइतबारे पाळला. शाळेत, कॉलेजात, आता भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात पॅकिंगची शिफ्ट करतानाही. उलट मला त्याचा तोराच होता. कुणाच्या मेहेरबानीचा घोट नको, अशी आमची ताठ मान.

गोदामात माझी एकच जिवाभावाची मैत्रीण, भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली. गेल्या उन्हाळ्यात शिफ्ट सुटल्यावर तिनं मला घरी नेलं. तिच्या अम्मींनी पाणी आणलं. मी म्हणाले, "नको, माझ्याकडे आहे," आणि पिशवीतली बाटली काढून त्यांच्यासमोरच घटाघटा प्यायले. सरबत आलं, त्यालाही नकोच. वर हसलेसुद्धा. अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण डबा खायला लांब जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. मला राहवेना, शेवटी तिला गाठलं. ती म्हणाली, "आमच्या घरचं चालत नव्हतं तर यायचंच नाही ना. अम्मीला किती लागलं माहितीये?"

मला आधी रागच आला. मी? मी असलं करीन? मग आईचं सगळं तिला सांगितलं, कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही. तिनं ऐकून घेतलं. "हे अम्मीला सांग," एवढंच म्हणाली.

रविवारी गेले. बसल्याबरोबर मीच पाणी मागितलं. अम्मी आत गेल्या आणि कागदी ग्लासांचं न फोडलेलं पाकीट घेऊन आल्या. "यात देऊ बेटा? तुझ्यासाठीच आणून ठेवलेत." आवाजात टोमणा नव्हता, त्या माझी सोय बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही पिता त्यातच द्या," म्हणत मी ते पाकीट त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.