माझ्या वयाच्या वेलींची वाईन

मैत्रिणींनो, आज दुपारी योकोहामात, लेकाच्या घरी, माझ्यादेखत माझ्याबद्दलचा निर्णय झाला.

लेकाच्या ऑफिसातले साइतो-सान जेवायला आले होते. मला नुकतीच सत्तरी लागली म्हणून त्यांनी माझ्यासाठी स्पेनची रेड वाईन आणली. अरागॉन नावाच्या कोरड्या, दगडाळ मुलखातल्या जुन्या वेलींची.

"या वेली तुमच्याच वयाच्या," ते मला इंग्रजीत म्हणाले. "द्राक्षं थोडी येतात, पण दमदार."

मला हे फार आवडलं. तेवढ्यात लेकाने परस्पर सांगून टाकलं, "आई घेत नाही." माझ्यापुढे संत्र्याचा ज्यूस आला.

"मला विचारलंस?"

"आई, तू कधी घेतेस?"

"कधी कुणी दिली?"

सून खाली बघून हसली. साइतो-सान बिचारे अवघडले.

समोरच्या माणसाबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलू नये, हे आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरनी पहिलीतच शिकवलं होतं. लेकाला ते शिकवायचं माझं राहिलं वाटतं.

इथे जपानात आपला ग्लास आपण भरायचा नसतो. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला त्याने. मी शांतपणे बाटली उचलून साइतो-सानचा ग्लास भरला आणि एक रिकामा ग्लास माझ्यापुढे ओढला. त्यांनी लगेच दोन्ही हातांनी बाटली घेऊन माझा ग्लास भरला.

चव आधी तुरट, मग काळ्या मनुकांसारखी. अर्धा ग्लास पुरला. पुढच्या वेळी कदाचित नको म्हणेन, पण ते मी म्हणेन.

तुमच्या घरी तुमच्या वतीने 'नाही' कोण म्हणतं?