स्मारकावरची कोरी जागा

वेशीवरच्या शहीद जवान स्मारकाचा काळा दगड पार्वतीवहिनी पदरानं पुसत होत्या. शेवटचं नाव त्यांच्या थोरल्याचं. खालची कोरी जागाही त्या पुसतात. हा दगड मीच घडवला; तेव्हा गावकऱ्यांना म्हटलं होतं, पुढंमागं नावं आली तर जागा असू द्या. थोरला तेव्हा शाळेत होता. मरणालाही आपण पाहुण्यासारखी जागा करून ठेवतो.

"जागा ठेवली म्हणून गेला तो," वहिनी म्हणाल्या. "आता धाकटाही भरती झालाय."

इतकी वर्षं गिळलेलं माझ्या तोंडून निघालं. "ती जागा मीच ठेवायला लावली, वहिनी."

वहिनींनी पदर खांद्यावर घेतला. "मग तुम्हीच बुजवा, भावजी. वेलबुट्टी कोरा, काहीही कोरा."

मी त्या जागेवर पंजा ठेवून पाहिला. बरीच लांब वेल लागेल.