आत्याने पेरलेलं चाक

"कायमचं म्हणजे काय, कळतं का तुला?"

"मला कळतं. तुला कळत नाही, म्हणून तर तुझी बोट पुलाला जाऊन धडकली."

"ताई, विषय बोटीचा नाहीये. विषय चाकाचा आहे!"

"मग चाकाचंच बोलते. मला ते हवंय."

बाबा चाकासमोर हात पसरून उभे होते, जणू आत्या ते ओच्यात लपवून पळणार होती. चाक माझ्या छातीएवढं उंच, ओतीव लोखंडाचं. आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, लाकूड कापायच्या गिरणीतलं. गिरणी बंद पडली, करवती भंगारात गेल्या आणि इंजिनाचं हे चाक तेवढं आमच्या मागच्या अंगणात उरलं. आईने त्याच्या आऱ्यांमध्ये कुंड्या ठेवल्या होत्या.

"अण्णांची एवढी एकच वस्तू राहिलीय. ती नदीत बुडवू?"

"माझेही वडीलच होते ते. रिकामं बसलेलं माणूस त्यांना खपायचं नाही, चाक कसं खपेल?"

आई दारातूनच म्हणाली, "तुम्हा बहीणभावांचं काय ते ठरवा. माझं ठरलंय. बोट परत एकदा सुटली, की मी ती विकणार."

आईचंही चुकत नव्हतं. गेल्या पुरात बोट सुटली तेव्हा बाबा आत होते. शिडाची ती बोट त्यांनी एकेक फळी तासून स्वतः बांधलेली. पुलाच्या खांबाने तिची कूस फोडली आणि बाबांना वाळू वाहणाऱ्या पडावांवरच्या खलाशांनी कॉलर धरून वर ओढलं. तरी शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न काय, तर "शीड फाटलं का?"

"नवा नांगर घेतो. याहून मोठा," बाबा म्हणाले.

"नांगर!" आत्याने कपाळावर हात मारला. "अरे, शेतातल्यालाही नांगर म्हणतात नि बोटीच्यालाही, ते काय उगाच? ओढ बसली की दोघंही चालायला लागतात. तुझ्या नांगराने पुलापर्यंत नदी नांगरून दिली. आता मला पेरू दे."

हे पेरणं हाच आत्याचा धंदा. नदीच्या तळाशी वजन, वजनाला साखळी, साखळीच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा बोया, आणि बोयाला बोट. बोट भरतीला इकडे तोंड करील, ओहोटीला तिकडे, पण जागा सोडणार नाही. गावात तिला 'गाळवाली' म्हणत आणि ती ते पदवीसारखं मिरवायची. तिचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. त्याच्या बुडाला ग्रीस फासायचं, गोळा तळाशी सोडायचा आणि ग्रीसला काय चिकटून येतं ते बोटांत चोळून, हुंगून बघायचं.

बाबांना होडीत बसवून तिने तसंच जागोजागी बघितलं. "वाळू. हिचा भरवसा नाही, पाहुणी आहे. पुढे चल... खडे. छे!" मग एका ठिकाणी निळसर काळा, लोण्यासारखा गाळ आला. आत्याचे डोळे लकाकले. "ही बघ चिकणमाती. हिने धरलं की सासूसारखं धरते."

"तुला गं कुठली सासू?"

"नाही, म्हणून तर लांबून नीट दिसली!"

बाबा हसले आणि तिथेच हरले. "ने चाक," ते म्हणाले. "पण मी मागेन तेव्हा वर काढून द्यायचं. शब्द दे."

"दिला," आत्या म्हणाली. जरा पटकनच म्हणाली.

चाक अंगणातून घाटाखाली न्यायला चार दणकट माणसं लागली. खाली ओंडके घालून, ढकलत, शिव्या देत. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात ते आडवं झालं. आत्याने त्याच्याभोवती रिकामी पिंपं आवळून बांधली, साखळी आणि बोया जोडला आणि पायरीवर बसली.

"आता?"

"आता चहा."

पाणी चढू लागलं. आधी चिखलातल्या रेघांमधून, मग सगळीकडूनच. पिंपं कुरकुरली. दोर इतके ताणले की त्यांतून पाणी पिळून निघालं. आणि मग चिखलाने एक मोठा मुका घेतल्यासारखा आवाज झाला, आणि चौघांचा घाम काढणारं ते चाक जमीन सोडून अलगद वर आलं. पाण्याला साधी सुरकुतीही पडली नाही.

बाबा उभेच राहिले. "कुणी उचललं गं?" हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शाळेतल्या पोरासारखा.

"चंद्राने," आत्या म्हणाली आणि होडीत चढली.

वल्ही मारत आम्ही ते ओढून नेलं. पाण्याची टाकी आणि कारखान्याची चिमणी एका रेषेत आली, ही चिकणमातीच्या जागेची तिची खूण, तेव्हा आत्याने हात वर केला. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी नदी घटकाभर थांबते. ती थांबली. आत्याने पिंपांच्या दोरांवर सुरी चालवली. पिंपं उसळली, साखळी धडधडत खाली गेली, आणि एकदम गप्प. मागून बुडबुडे आले, बराच वेळ. बाबांनी हात जोडलेले मी पाहिले. मी पाहतेय म्हटल्यावर त्यांनी ते खिशात घातले.

"आता हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "रुजू दे."

पुढचा पूर भरदुपारी आला. आम्ही घाटावर उभे होतो. झाडं मुळांसकट वाहत होती, आणि नांगरावरच्या बोटी एकामागून एक मागे सरकत पुलाकडे चालल्या होत्या. बोयाला बांधलेली आमची बोट प्रवाहाकडे तोंड करून उभी होती, डोकं हलवत, नाही नाही म्हणत. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. संध्याकाळी दंड सोडत ती एवढंच म्हणाली, "राहू दे मग. नाही विकत."

ओढ कमी झाल्यावर आत्या बाबांना बोयापाशी घेऊन गेली. "साखळीला हात लाव. खाली वजन सरकत असेल तर ती गुरगुरते."

बाबांनी हात लावला. मग गाल लावला. "काहीच नाही गं," ते कुजबुजले.

एवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! आठ दिवसांनी म्हणाले, "ताई, एकदा वर काढू. फक्त बघतो आणि परत सोडतो. शब्द दिलायस."

आत्याने वाद घातला नाही. ओहोटीला तीच पिंपं साखळीला घट्ट आवळली आणि आम्ही घाटावर बसलो. पाणी चढलं. दोर ताणले. बाबा पुढे झुकले. एक पिंप बुडालं. मग दुसरं. ज्या पिंपांनी चाक उचललं होतं, ती सगळी एकेक करून पाण्याखाली गेली आणि वर नुसतं सपाट पाणी राहिलं. खाली काहीही हललं नाही.

बाबा आत्याकडे वळले. म्हणाले, "ताई, शब्द दिलास तेव्हाच तुला माहीत होतं ना, की चिकणमाती ते सोडणार नाही?"

आत्याने दोराचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि पायऱ्या चढून निघून गेली.