ब्रेकला बांधलेली किनार

आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत रोज सकाळी एक भाजीवाली बॅटरीच्या स्कूटरवर येते. नाव मी कधी विचारलं नाही; माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची. निघताना ती ब्रेक दाबते आणि मागच्या दिव्यापाशी तळहात धरते. हात लाल दिसला तरच पुढे सरकते.

परवा माझी स्वतःची तशीच गाडी आली! मी नारळ फोडला आणि बायकोच्या लुगड्याची किनार हँडलला घट्ट बांधली. बायको गेल्या थंडीत वारली. नव्या गाडीवर बसून माहेरी, नगरदेवळ्याला जायचं, हा तिचाच हट्ट. तिकडे तिची थोरली बहीण माझी वाट पाहत होती.

आणि गाडी हलेना. दिवे लागले, हॉर्न वाजला, पण चाक फिरेना.

"मुकी ती मुकी, वर लंगडी!" मी त्या बिनआवाजाच्या गाडीवर ओरडलो.

भाजीवाली थांबली. तिनं माझ्या गाडीच्या मागच्या दिव्यापाशी तळहात धरला. मी काही न दाबताच तो लाल!

"आबा, ब्रेक दाबेल शे. मग ही कशी चालई?" ती हसली. किनारीत ब्रेकची दांडी आवळली गेली होती.

"कापू नको! बायकोनी किनार शे!"

"कापत नही. आरसाजोडे बांधू, अक्काले बी रस्ता दखाई." तिनं नखांनी हळूहळू गाठ सोडवली आणि किनार आरशाजवळ बांधली.

मी हेल्मेट चढवलं आणि सुटलो! रस्ता मोकळा होता, तरी प्रत्येक वळणावर इंडिकेटर लावला. डोळे पुसायला एकदाच थांबलो, तेही गाडी कडेला घेऊन.