जुळलेली उत्तरं

शाळांमधली पोरं तिला प्रश्नबाई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते नाव आवडायचं. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात नोकरी. वर्गावर्गात जाऊन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, हे काम. सध्याची प्रश्नावली मात्र अंगावर येणारी होती. 'दुसऱ्याला त्रास झाला की मला वाईट वाटतं', 'पकडलं जाणार नसेल तर मी काहीही करीन', असली वाक्यं. ज्याला मोठ्या माणसांत सायकोपॅथी म्हणतात, त्या निर्दयपणाची लक्षणं कोवळ्या वयातल्या मुलांच्या स्वतःच्याच उत्तरांतून ओळखता येतात का, हे विभागाला तपासायचं होतं. म्हणून तेच प्रश्न आईवडिलांनाही विचारायचे. दोघांची उत्तरं जुळली, की प्रश्नावली भरवशाची.

घरचं मूल यात घ्यायचं नाही, हा विभागाचा साधा नियम. लेकीच्या वर्गाची पाळी आली तेव्हा तिने तो गुपचूप गुंडाळून ठेवला, कारण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिचे वडील गेले त्या दिवशी घर रडत होतं आणि लेक पोटभर जेवली. वर हात धुता धुता म्हणाली, "आजोबांची खोली आता मला मिळेल?" तेव्हापासून आईची नजर तिच्यावरून हटेना. मांजराला कशी हाकलते, मैत्रीण फोनवर रडली तर काय बोलते, सगळ्यावर पाळत. नवरा गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायचा. तो वैतागायचा. "अगं, पोरगी आहे ती, तुझी केस नाही! जेवू दे तिला सुखानं."

पण ऐकेल ती प्रश्नबाई कसली!

"नाव लिहायचं नाही. कोणाला काही कळणार नाही. खरं तेच लिहा." हे वाक्य तिने आजवर शेकडो वेळा म्हटलं होतं. लेकीच्या वर्गात म्हणताना तिने नजर कागदांच्या गठ्ठ्यावरच ठेवली. कोणता कागद कोणाचा हे ओळखता येईल असे क्रमांक तिनेच घातले होते, आणि खिडकीजवळच्या बाकावरून टक लावून पाहणाऱ्या लेकीला ते पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी आईचा कागद भरायला ती स्वयंपाकघरात बसली. 'चूक केल्यावर तिला पश्चात्ताप होतो.' पेन अडलं. मग ओठ आवळून तिने 'अजिबात नाही'वर खूण केली आणि पोळल्यासारखा हात मागे घेतला.

पुढच्या आठवड्यात विभागातले सर कॉम्प्युटरसमोर उड्या मारायचेच बाकी होते. "ही जोडी बघा! आई आणि मुलगी, ओळीनं तेच उत्तर. याहून चांगला पुरावा कोणता हवा?" त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. प्रश्नबाईने वाकून क्रमांक पाहिला. तिच्या लेकीचाच होता. कोणाला सांगणार?

घरी आली तेव्हा लेक कांदा चिरत होती. आईची नजर सुरीवर गेली.

"पुन्हा बघतेयस," लेक मान वर न करता म्हणाली.

"वर्गात लिहिलंस ते... खरं होतं?"

सुरी थांबली. "मला कळेचना काय लिहायचं. वाईट वाटतं म्हणजे नक्की काय होतं? मग तू माझ्याकडे कशी बघतेस ते आठवलं. तुझं तर कामच आहे हे. म्हटलं, तुला दिसतंय तर तसंच असणार. तेच लिहिलं."

आईला बसायला स्टूल सापडेना.

"आणि आजोबांची खोली?"

"मामा लगेच सगळं सामान विकून टाकू म्हणत होता. आजोबांचा रेडिओसुद्धा. खोली मला मिळाली असती तर ते सगळं तिथंच राहिलं असतं. रडू नाही आलं मला, आई. अजून येत नाही. म्हणून मी तशी आहे का?"

"नाही गं," आई म्हणाली.

"मग तू काय लिहिलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. जिभेवर आलंही होतं. पण शेकडो पोरांना खरं लिहा म्हणून सांगितलेली ती बाई, तिची जीभ रेटेना.

"तेच," ती कशीबशी म्हणाली. "तू लिहिलंस तेच. चुकलं माझं."

लेकीने मान हलवली. "वाटलंच होतं मला."

ती जोडी काढून टाका, असं उद्या सरांना सांगायचं होतं. नियम मोडल्याचंही सांगायचं होतं, मग नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पण ते उद्या. आईने लेकीच्या हातातली सुरी बाजूला ठेवली आणि तिला जवळ ओढलं. खांद्यावर टेकलेली पोर रडतेय की नाही, हे तिने मान वळवून पाहिलं नाही.