न विचारता आत

भरवेली रोडवरच्या माझ्या धरमकाट्यावर मँगनीजचे ट्रक तोलणारा सी भाषेत लिहिलेला जुना प्रोग्रॅम आहे. तो नव्या कॉम्प्युटरवर आणायचं काम मी ज्याला दिलं, तो माणूस दार वाजवत नाही. सरळ आत येतो, माझ्या डब्याचं झाकण काढतो, भाजी चाखतो आणि मग रामराम करतो.

त्या दुपारी नव्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम सुरू केला की बंद पडत होता आणि बाहेर ड्रायव्हर शिव्या देत होते.

“काहून बंद पडून राह्यला हा?” मी विचारलं.

“हा स्क्रीनच्या मेमरीत सीधा जाऊन लिहिते. जुन्या मशीनवर चालत होतं. आता विंडोज विचारते, कोणाले विचारून आला? अन् देते हाकलून.” माझ्या डब्यातली वांग्याची फोड चावत तो गंभीरपणे म्हणाला, “बिना पूछे कोणाच्या घरात घुसाचं नाही, एवढी अक्कल पाहिजे ना, भाऊ.”

मग प्रोग्रॅम जिथे जिथे थेट घुसत होता, तिथे तिथे त्याने त्याला परवानगी मागायला शिकवलं. संध्याकाळपर्यंत ट्रक हलले.

दुसऱ्या दिवशी मी आतून कडी लावूनच जेवायला बसलो.

“येऊ का?” बाहेरून आवाज आला.

शिकला म्हणायचा, असं वाटून मी मान वर केली. खिडकीच्या गजांतून आलेला हात डब्यात पोहोचला होता.